हवा गेली तरी धावणारे टायर

मोटारीचे वजन पेलते ती टायरमधली हवा, रबर नव्हे. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले, तेव्हापासून हवा गेली की चाक बसले, हे ठरलेलेच. 'रन-फ्लॅट' टायर तेवढे काही काळ उभे राहतात. त्यांच्या बाजूच्या भिंती इतक्या जाड व ताठ असतात की हवा निघून गेल्यावरही त्या गाडी तोलून धरतात. वेग ताशी ८० किलोमीटरच्या आत ठेवल्यास साधारण ८० किलोमीटर जाता येते. म्हणजे मुलुंडहून निघून लोणावळा गाठता येईल!

आमच्या घरी हा विषय निघाला तो ताईमुळे. तिची नोकरी अंधेरीच्या सीप्झमध्ये, सासर मुलुंडला. रात्रपाळी संपली की ती एकटीच जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने गाडी घेऊन येते. भर पावसात, भरधाव ट्रकांच्या शेजारी जॅक लावून बसणे म्हणजे जिवाशी खेळ. तिथे न थांबता पुढे जाता येणे, हा या टायरचा खरा गुण. स्टेपनीची जागा वाचते, ते गौण.

पण ताठ भिंत खड्ड्याचा दणका स्वतः पचवत नाही. रिमला आणि आपल्या पाठीला पोचवते. श्रावणातल्या आपल्या रस्त्यांविषयी वाचकांना मी काय सांगावे! किंमतही जास्त. शिवाय हवा नसताना चालवलेला टायर आतून किती खराब झाला हे बाहेरून दिसत नाही, म्हणून बहुधा तो बदलावाच लागतो. घाटकोपर काय, बोरिवली काय, नाक्यावरचा पंक्चरवाला इथे हात टेकतो. हवा गेल्याचे नुसते पाहूनही कळत नाही, त्यामुळे दाब दाखवणारी यंत्रणा गाडीत हवीच. ताईच्या लहान गाडीत ती नव्हती, आणि तिच्या मापाचे असे टायर दुकानात मिळालेही नाहीत.

आतून चिकट लेप दिलेले टायरही असतात. खिळ्याचे लहान भोक ते आपोआप बुजवतात, पण खड्ड्याने भिंत फाटली तर त्यांचाही इलाज नाही.

मला विचाराल तर, ताईसाठी साधे ट्यूबलेसच बरे. खिळा रुतला तरी त्यातली हवा बहुधा हळूहळू जाते. वेळीच कळले तर उजेडातला पेट्रोलपंप गाठता येतो. म्हणून आम्ही झडपांवर बसणारे दाबमापक घेतले. स्टेपनीतली हवा दर रविवारी भावजी तपासतात.