वास ‘सुटतो’ तेव्हा

शब्दकोश हे काही वाचीत बसण्याचे पुस्तक नव्हे, असे आमच्या घरच्या मंडळींचे ठाम मत आहे. पण कोशात कधी कधी असा एखादा शब्द भेटतो की, त्याची जन्मकथा गोष्टीहून रंगतदार निघते. इंग्रजीतला ‘पेट्रिकॉर’ हा त्यांतलाच. नाव औषधाच्या बाटलीवर शोभेल असे. अर्थ मात्र थेट आपल्या अंगणातला! तापलेल्या, कोरड्या जमिनीवर पहिल्या सरी पडल्या म्हणजे जो वास येतो, तो पेट्रिकॉर.

हा शब्द लोकांच्या तोंडी घडला नाही, प्रयोगशाळेत घडला. इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी १९६४ साली ‘नेचर’ नियतकालिकातल्या लेखात तो प्रथम योजला. ग्रीक भाषेत ‘पेट्रा’ म्हणजे दगड आणि ‘इकॉर’ म्हणजे देवांच्या नसांतून वाहणारा रस. उन्हात तापलेल्या दगडमातीतून त्यांनी वाफेच्या साहाय्याने पिवळसर तेल काढले आणि त्याला हे नाव दिले. कोरड्या दिवसांत माती हे तेल धरून ठेवते. ओल लागताच त्याचा वास मोकळा होतो. मौज अशी की, कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीतला हाच वास चंदनाच्या तेलात उतरवीत आले आहेत.

या शब्दाला इंग्रजीत समानार्थी शोधू गेले, तर शेजारी पुष्कळ भेटतात, सख्खा एकही नाही. ‘जिओस्मिन’ हे मातीतल्या सूक्ष्म जीवांनी तयार केलेले द्रव्य. या वासातले ते एक वाटेकरी, सगळा वास नव्हे. विजा चमकताना येणारा उग्र वास ओझोनचा. साधा इंग्रज माणूस आपला ‘पावसाचा वास’ म्हणून मोकळा होतो. आषाढातल्या झडीत भिंतींना आणि कपड्यांना येतो तो पेट्रिकॉर नव्हे. तो निव्वळ कुबट वास!

आपल्याकडे ‘मृद्गंध’ आहे. विंदा करंदीकरांच्या काव्यसंग्रहाला हे नाव मिळाले १९५४ साली, म्हणजे पेट्रिकॉरच्या आधी दहा वर्षे. पण ‘अगं, मृद्गंध येतोय!’ असे कुणी खिडकीतून ओरडले, तर घरातली माणसे त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहतील. आपण म्हणतो, ‘मातीला वास सुटलाय.’

या ‘सुटण्या’तच सारे आले. मोगरा दरवळतो, अत्तराचा घमघमाट होतो, मातीला मात्र वास सुटतो. गाठ सुटते, दावे सुटते, मुलांची शाळा सुटते. जे अडकलेले असते तेच सुटते. मातीत अडकलेले काहीतरी पाण्याने मोकळे होते, हे शास्त्रज्ञांनी तेल काढून दाखवले. आपल्या आजीने ते एका क्रियापदात सांगून ठेवले होते.

म्हणून मुलांनी ‘पेट्रिकॉर’ म्हटले, तर मला राग येत नाही. परकी नामे आपण पूर्वीपासून सुखाने घेत आलो आहोत. भीती आहे ती एवढीच की, नामाच्या ऐटीपुढे ते साधे क्रियापद विसरले जाईल, आणि त्याबरोबर त्यातले शहाणपणही. तेव्हा पुढल्या उन्हाळ्यात नवा माठ आणाल, त्या दिवशी पहिले पाणी मुलांच्या हातून ओतवा. वास सुटू द्या. नाव मागाहून सांगता येईल.