पदवीनंतरचा ऑस्ट्रेलियन व्हिसा आणि आरोग्य तपासणी

ऑस्ट्रेलियात पदवी घेतल्यानंतर तिथे काही काळ नोकरी करण्यासाठी तात्पुरता पदवीधर व्हिसा, म्हणजे उपवर्ग ४८५, घ्यावा लागतो. त्यासाठी आरोग्याची अट असते. ठाण्यातल्या टेंभी नाक्यावरच्या घरच्या डॉक्टरांचा दाखला इथे चालत नाही. तपासणी ऑस्ट्रेलियन सरकारने नेमलेल्या डॉक्टरांकडेच व्हावी लागते आणि भारतात तपासणी करून घेणाऱ्या ठाणेकरांना त्यासाठी सहसा मुंबई गाठावी लागते. व्हिसा अर्जाच्या ऑनलाइन खात्यातून मिळणारा एचएपी क्रमांक (आरोग्य तपासणीचा ओळख क्रमांक) आणि मूळ पासपोर्ट सोबत हवा. मुख्य रोख क्षयरोगावर असल्याने छातीचा एक्स-रे काढतात. गर्भवतींनी तसे आधीच सांगावे. त्यांचा एक्स-रे प्रसूतीनंतरपर्यंत लांबवता येतो. पूर्वी क्षयरोग झाला असल्यास तो लपवू नये, उपचारांची कागदपत्रे न्यावीत. बरा झालेला क्षय नकाराचे कारण ठरत नाही. अहवाल डॉक्टर थेट ऑनलाइन पाठवतात आणि तो साधारणपणे १२ महिने ग्राह्य धरला जातो.