खटल्याआधीची कोठडी : किती दिवस?

वर्धा जिल्हा कारागृहातील कच्च्या कैद्यांनाही लागू असलेले नियम :

• दोषारोपपत्र : मृत्युदंड, जन्मठेप किंवा १० वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ९०, इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत दाखल न झाल्यास जामीन हा हक्क.

• कलम ४७९ (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) : पहिलाच गुन्हा असल्यास कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश, इतरांना सामान्यतः निम्म्या काळानंतर सुटका. अर्ज कारागृह अधीक्षकांनी करायचा.

• अपवाद : मृत्युदंड वा जन्मठेपेचे गुन्हे, एकाहून अधिक प्रलंबित खटले.

• जुने खटले : १ जुलै २०२४ पूर्वीच्या प्रकरणांनाही एकतृतीयांशचा लाभ : सर्वोच्च न्यायालय, २३ ऑगस्ट २०२४.

• देशात : २०२२ अखेर दर चार कैद्यांपैकी तिघे कच्चे कैदी.

कोठडीतील प्रत्येकाला मोफत वकिलाचा हक्क आहे. नातेवाइकांनो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.