डासाने एड्स का पसरत नाही?

सोलापुरातल्या दहावीच्या मुलींना 'एड्स कसा पसरतो?' असे विचारले, तर पाठ असलेली चार कारणे मिळतात : असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, दूषित सुई आणि बाधित आईकडून बाळाला. 'मग डासामुळे का नाही?' असे विचारावे. शिकवायला इथून सुरुवात करता येते.

एचआयव्ही या विषाणूला वाढण्यासाठी माणसाच्या पांढऱ्या पेशी लागतात. ज्यांच्या पृष्ठभागावर 'सीडी-४' हे प्रथिन असते, अशा. डासाच्या शरीरात त्या नसतात. शोषलेल्या रक्ताबरोबर विषाणूही पचून जातो. शिवाय चावताना डास लाळ सोडतो, आधी शोषलेले रक्त नव्हे. एवढे कळले की एका ताटात जेवण्याची, एका बाकावर बसण्याची भीती उरत नाही.

मुलींना धोका जास्त का, हेही यावरूनच समजते. योनिमार्गाच्या अस्तराचे क्षेत्रफळ मोठे असते आणि वीर्य तिथे बराच वेळ राहते. किशोरवयात गर्भाशयमुखाच्या बाहेरच्या भागावर एकपदरी, नाजूक अस्तर अधिक पसरलेले असते. त्याच्या खालीच सीडी-४ पेशी असतात.

पण शरीररचना ही अर्धीच गोष्ट झाली. पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत १९९३ ते १९९६ या काळात आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी १३.६ टक्के बाधित निघाल्या, आणि बहुतेकींचा संबंध फक्त नवऱ्याशीच आलेला होता. म्हणजे 'नीट वागा' हा उपदेश त्यांच्या उपयोगाचा नव्हता.

सोलापूर जिल्ह्यात आजही अनेक मुलींची लग्ने अठराच्या आत लागतात. सोळाव्या वर्षी सासरी गेलेली मुलगी नवऱ्याला 'तपासणी करून घ्या', 'निरोध वापरा' असे कसे म्हणणार? म्हणून आपल्या तासात विषाणूबरोबरच शरीराच्या अवयवांची नावे, नकाराचा हक्क आणि लग्नाचे वय हेही आले पाहिजे.

महाराष्ट्रात २००७ साली शाळांतील लैंगिक शिक्षणाला विरोध होऊन ते थांबवले गेले. अशा शिक्षणाने मुले लवकर संबंधांकडे वळतात, ही शंका मात्र जगभरच्या पाहण्यांत खरी ठरलेली नाही.

वर्गात एक प्रश्नपेटी ठेवावी. चिठ्ठीवर नाव नको. उत्तर देताना हेही सांगावे, की शासकीय केंद्रांत तपासणी व औषधे मोफत मिळतात, नियमित उपचारांनी बाधित व्यक्ती दीर्घायुष्य जगते आणि वेळेवर उपचार मिळाल्यास आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता पाच टक्क्यांखाली येते. शिक्षकांनाच एखादे उत्तर अडले, तर १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.