लाखमोलाची बाटली आणि रायपूरचा उन्हाळा

चौबे कॉलनीतल्या आमच्या ओळखीच्या एका घरातली ही गोष्ट. मुलगा नोकरीनिमित्त इटलीत, मिलानला. बाबांच्या साठीला येताना त्याने बारोलो वाईनची एक बाटली आणली. किंमत विचारल्यावर त्याने आधी विषय बदलला, मग हळूच सांगितलं, ''तीस हजार.'' आईने कपाळाला हात लावला. एवढी महाग वस्तू अशीच कशी संपवायची? मुलीच्या लग्नात उघडू, असं ठरलं आणि बाटली स्वयंपाकघरातल्या कपाटावर, गणपतीच्या मखराशेजारी उभी राहिली.

दोन उन्हाळे गेले. लग्न ठरल्यावर बाटली खाली काढली, तर बूच वर सरकलेलं आणि गळ्यावरून चिकट ओघळ आलेला. आतली वाईन तपकिरी पडलेली, चवीला आंबट. ''तीस हजारांचं व्हिनेगर,'' काकू म्हणाल्या. मुलगा गप्प बसला.

परदेशी मुलं-मुली असलेली मराठी घरं आता रायपूर, भिलाई, बिलासपूरमध्येही कमी नाहीत. भेट म्हणून, हौस म्हणून किंवा 'गुंतवणूक आहे' असं कुणी सांगितलं म्हणून अशी बाटली घ्यावीशी वाटते. घेण्याआधी चार गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

एवढी महाग का असते?

सगळी इटालियन वाईन महाग नसते. तिथे रोजच्या जेवणातली वाईन अगदी स्वस्तात मिळते. संग्राहक ज्यांच्या मागे लागतात ती नावं मोजकी आहेत. पिडमाँट भागातली बारोलो 'नेबियोलो' जातीच्या द्राक्षांपासून होते आणि नियमानुसार किमान 38 महिने मुरल्याशिवाय बाजारात येत नाही. त्यातले 18 महिने ती लाकडी पिंपात असावी लागते. टस्कनीतली 'ब्रुनेलो दी मोंताल्चिनो' द्राक्षं तोडल्यानंतरच्या पाचव्या वर्षाच्या जानेवारीपर्यंत विकता येत नाही. 'सासिकाया'ची सुरुवात तर घरच्यापुरती झाली. मारिओ इंचिसा देल्ला रोकेत्ता यांनी बोल्गेरी गावाजवळ हौसेने फ्रेंच जातीची द्राक्षं लावली आणि वाईन वर्षानुवर्षं घरीच प्यायली गेली. 1968 सालची वाईन पहिल्यांदा बाजारात आली आणि पुढे जगभर गाजली.

चांगल्या सालच्या बाटल्या ठरावीकच असतात. लोक पीत जातात, उरलेल्या दुर्मीळ होतात आणि भाव चढतो. पण तो चढतो नीट सांभाळलेल्या बाटलीचाच.

सोबत आणायची की मागवायची?

परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला 2 लिटरपर्यंत मद्य शुल्क न भरता आणता येतं. वाईनची बाटली सहसा 750 मिलीची असते. म्हणजे दोन बाटल्या बसतात, तिसरी घेतली की मर्यादा ओलांडली. तिसरी आणायचीच असेल, तर ती स्वतःहून लाल मार्गिकेवर जाहीर करावी आणि खरेदीची पावती जवळ ठेवावी. हातातल्या बॅगेत 100 मिलीपेक्षा जास्त द्रव बऱ्याच विमानतळांवर चालत नाही, म्हणून बाटल्या कपड्यांत नीट गुंडाळून मोठ्या बॅगेतच टाकाव्यात. दिल्ली किंवा मुंबईला विमान बदलून रायपूरला यायचं असतं, त्यामुळे बॅग दोनदा जास्त आपटते हेही लक्षात असू द्या.

'कुरिअरने पाठवतो' हा पर्याय मात्र वाटतो तितका सोपा नाही. मोठ्या कुरिअर कंपन्या खासगी व्यक्तीकडून मद्याचं पार्सल सहसा घेत नाहीत. शिवाय परदेशातून भेट म्हणून येणाऱ्या पार्सलांना पूर्वी असलेली शुल्कसवलत डिसेंबर 2019मध्ये राख्या आणि जीवरक्षक औषधं सोडून बंद झाली. रीतसर आयात करायची, तर आयात परवाना क्रमांक, अन्नसुरक्षा प्राधिकरणाची तपासणी, बाटलीवर इथल्या नियमांप्रमाणे लेबल, असं सगळं लागतं. एका बाटलीसाठी हे कुणी करत नाही, ते व्यावसायिक आयातदाराचं काम आहे.

त्यावर कर. वाईनवरचं आयात शुल्क वर्षानुवर्षं 150 टक्के राहिलं आहे. बाटली वाहतूक आणि विम्यासह 20 हजारांना पडली, तर शुल्क 30 हजार, म्हणजे बंदरातच 50 हजार झाले. त्यावर राज्याचे कर वेगळे, कारण मद्य जीएसटीत नाही आणि प्रत्येक राज्याचे नियम निराळे. युरोपीय संघाशी झालेल्या व्यापार करारात हे शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवण्याचं ठरलं आहे, पण करार अमलात येईपर्यंत हिशेब जुन्याच दराने करावा.

छत्तीसगडमध्ये 2017पासून मद्याची किरकोळ विक्री सरकारी महामंडळामार्फत होते, त्यामुळे असल्या खास बाटल्या दुकानात मिळण्याची शक्यता कमीच. घरात किती मद्य ठेवता येतं, यालाही मर्यादा आहे. महाराष्ट्रात ज्याला आपण राज्य उत्पादन शुल्क म्हणतो, त्या खात्याला इथे आबकारी म्हणतात. जिल्हा आबकारी कार्यालयात एकदा विचारून घेतलेलं बरं.

बनावट बाटलीपासून सावध

ऑक्टोबर 2020मध्ये इटलीच्या आर्थिक गुन्हे पोलिसांनी बनावट सासिकायाची टोळी पकडली. आत साधी स्वस्त वाईन, बाहेर हुबेहूब बाटली, लेबल आणि खोका. म्हणून ओळखीच्या जुन्या दुकानातून किंवा थेट उत्पादकाकडूनच घ्यावी. बारोलो आणि ब्रुनेलोच्या गळ्याशी अनुक्रमांक असलेली सरकारी पट्टी असते, ती बघावी. जुनी बाटली असेल, तर ती आजवर कुणाकडे आणि कशी ठेवली होती, याचे कागद मागावेत. वाईनची पातळी गळ्याच्या बरीच खाली गेली असेल, तर स्वस्तात मिळाली तरी नको.

बाटलीला ऊन बाधतं

मुरवायच्या वाईनला साधारण 12 ते 14 अंशांचं स्थिर तापमान, अंधार आणि थोडा ओलावा लागतो. बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं. उभ्या बाटलीचं बूच सुकून आकसतं आणि हवा आत शिरते. रायपूरच्या मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो आणि स्वयंपाकघरात त्याहून उकडतं. नेहमीचा फ्रिज काही आठवड्यांपुरता ठीक, वर्षानुवर्षं नाही. त्यासाठी वाईनचं वेगळं थंड कपाट मिळतं, पण दिवे गेले तर ते कसं चालणार याचाही विचार हवा. हे जमणार नसेल, तर भेट मिळालेली बाटली पहिल्या होळीच्या आत उघडावी.

आणि गुंतवणूक?

लंडनसारख्या ठिकाणी लोक वाईन विकत घेऊन शुल्क न भरता सरकारमान्य गोदामात ठेवतात. इंग्लंडमधल्या कॉर्शमला तर दगडाच्या जुन्या खाणीत, जमिनीच्या खूप खाली असं गोदाम आहे. तिथली बाटली तिथेच विकली जाते, म्हणून तिला भाव येतो. ती रायपूरला आणली की गोष्ट बदलते. परवान्याशिवाय मद्य विकणं इथे गुन्हा आहे. म्हणजे घरात आलेली बाटली पुन्हा विकता येत नाही, मग भाव कितीही चढो. 'दहा वर्षांत दुप्पट' असं कुणी सांगितलं, तर हे आधी आठवावं.

अकलूजची इटली

इटलीची चव हौसेपुरती घ्यायची असेल, तर वाट सोलापूर जिल्ह्यातूनही जाते. अकलूजच्या मोहिते-पाटील बंधूंनी दिल्लीच्या सेखरी आणि इटलीच्या सेची बंधूंसोबत 'फ्रातेल्ली' ही वायनरी उभी केली. इटालियन भाषेत फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. टस्कनीचे वाईनतज्ज्ञ पिएरो मासी त्यांच्यासोबत आले आणि ब्रुनेलो ज्यापासून होते ती 'सांजोवेझे' जातीची द्राक्षं उसाच्या पट्ट्यात रुजली. त्यांच्या 'सेत्ते' वाईनमध्ये हीच द्राक्षं आहेत. बारोलोची सर तिला येईल असं नाही, पण आयात शुल्काचा प्रश्नच नाही.

शेवटी, वाईन कितीही उंची असली तरी मद्यच आहे. मद्याची कुठलीच मात्रा पूर्ण निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरात मुलं असतील, तर बाटली कुलपात असावी.

त्या घरातला मुलगा यंदा दिवाळीला पुन्हा आला. या वेळी त्याने एकच बाटली आणली, साधी, हजारभराची. लक्ष्मीपूजनानंतर दोन दिवसांनी, भाऊबीजेच्या रात्री जेवताना ती उघडली. बाबांनी अर्धा पेला घेतला आणि म्हणाले, ''ही बरी. हिला जपावं लागलं नाही.''