सायकलीच्या सांगाड्याचे माप
मेहकरसारख्या पैनगंगेकाठच्या तालुक्याच्या गावी सायकल घेताना, दुकानदार सांगतो तो २२ वा २४ इंचांचा आकडा चाकाचा की सांगाड्याचा, याची तहकीकात ग्राहकाने प्रथम करावी. कारण सांगाडा पायडलच्या आसापासून सीटखालच्या नळीच्या माथ्यापर्यंत मोजतात, आणि त्याची निवड केवळ उंचीवरून न करता, अनवाणी उभे राहून घेतलेल्या जांघेपासून टाचेपर्यंतच्या मापावरून करणे अधिक शास्त्रशुद्ध होय. सरळ दांडीच्या सायकलीसाठी या मापास ०.६७ ने गुणावे, असा स्थूल दंडक आहे. ८० सेंटिमीटरांस सुमारे ५४, म्हणजे २१ इंच. धड लांब असल्यास हँडलपर्यंतची पोचही पाहावी. मूल वाढेल म्हणून मोठी सायकल घेण्याचा रिवाज मात्र मला खरोखर घातक वाटतो, कारण अकस्मात थांबण्याच्या प्रसंगी त्याचे पाय जमिनीस टेकतच नाहीत.