पहिलं पॉलिश मशीन घेताय? जरा दमानं!

गाडीवरचे बारीक ओरखडे घरच्या घरी घालवता येतात. पण मशीन आणि पॅड चुकीचे निवडले, तर ओरखड्यांसोबत रंगही जातो. आणि गेलेला रंग परत येत नाही!

वेरूळला तुम्ही गेला असालच. दौलताबाद, खुलताबाद करत घाट उतरायचा, लेणी बघायची, घृष्णेश्वराचं दर्शन घ्यायचं आणि संध्याकाळी संभाजीनगरला परत. तोवर पार्किंगमधल्या गाडीवर धुळीचा थर बसलेला असतो. मग कुणीतरी डिकीतला फडका काढतं, दोनदा झटकतं आणि बॉनेटवरून फिरवतं. दोन मिनिटांत गाडी चकाचक!

तीच गाडी रात्री पेट्रोल पंपाच्या लाइटखाली बघा. रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतील. डिटेलिंगवाले त्याला स्वर्ल मार्क म्हणतात. आपल्याकडच्या धुळीत दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा भुगा असतो. त्यातली खनिजं गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कडक. त्या धुळीवरून कोरडा फडका फिरवला म्हणजे समजा बारीक काचपेपरच फिरवला.

मग इन्स्टावर रील दिसतात. अर्धं बॉनेट मळकट, अर्धं आरशासारखं! हात शिवशिवायला लागतात. सेल लागला की सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जास्त आरपीएमचं मशीन कार्टमध्ये पडतं. इथेच जरा थांबा.

पॉलिश म्हणजे नेमकं काय?

पॉलिश केल्यावर ओरखडा भरून निघतो, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. ओरखड्याच्या आजूबाजूचा थर घासून खाली आणला जातो, पृष्ठभाग सपाट होतो आणि ओरखडा दिसेनासा होतो.

आता हा थर किती, ते बघा. कंपनीतून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी असते. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे केसाहून पातळ थरावर तुम्ही मशीन चालवणार आहात! आणि उन्हापासून रंगाला वाचवण्याचं कामही हाच थर करतो. तो गेला की चट्टे पडतात आणि अख्खा पॅनल रंगवून घ्यावा लागतो.

वेरूळचं सोळा नंबरचं कैलास लेणं आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात वरून खाली कोरत आणलं. नुसता दगड काढत जायचं, जोडायचं काहीच नाही. एकदा उडालेली कपची परत बसवता येत नाही. पॉलिशचा हिशेबही तसाच, फक्त वजाबाकीचा. त्यामुळे मशीन किती ताकदीचं, हे नंतर विचारा. आपला हात चुकला तर ते किती सांभाळून घेतं, हे आधी विचारा.

रोटरी की डीए?

बाजारात मुख्य प्रकार दोन. रोटरी मशीनचा पॅड एकाच जागी गरगर फिरतो. काम फटाफट होतं, पण उष्णता एकाच ठिकाणी साठते. हात दोन सेकंद जास्त रेंगाळला तर कडेचा रंग जळू शकतो. शिकाऊ हातानं केलेल्या रोटरीच्या कामावर उन्हात ढगांसारख्या छटा दिसतात, त्यांना होलोग्राम म्हणतात. ते काढायला पुन्हा पॉलिश, म्हणजे पुन्हा थर कमी!

दुसरं ड्युअल ॲक्शन, म्हणजेच डीए. यात पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी छोट्या वर्तुळात हलतोही. जास्त दाब पडला किंवा मशीन तिरकं झालं, की साध्या डीएचा पॅड फिरायचाच थांबतो. नवशिक्यासाठी हीच सगळ्यात मोठी सोय. वेळ जास्त लागतो, पण गाडी वाचते. पहिलं मशीन डीएच घ्या.

आणि एक गोष्ट अजिबात नको. घरातल्या किंवा गॅरेजमधल्या अँगल ग्राइंडरला पॅड लावू नका. छोटा ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे मारतो. पॉलिशची रोटरी साधारण ६०० ते ३००० फेऱ्यांत काम करते.

दुकानात काय बघाल?

थ्रो : डीएच्या डब्यावर ८, १५ किंवा २१ मिमी असा आकडा असतो. पॅड किती मोठ्या वर्तुळात हलतो, त्याचा हा आकडा. २१ मिमीचं मशीन मोठ्या सपाट पत्र्यावर छान चालतं. आपल्याकडच्या छोट्या हॅचबॅकच्या वळणावळणाच्या दारांवर ८ ते १५ मिमीचं मशीन जास्त नीट सांभाळता येतं.

बॅकिंग प्लेट : पॅड चिकटतो ती तबकडी. पाच इंची प्लेट आणि त्याहून किंचित मोठा, साडेपाच इंची पॅड ही जोडी घरकामाला पुरते. पॅड प्लेटपेक्षा लहान घेतलात, तर प्लेटची कड थेट रंगाला लागेल.

व्होल्टेज : परदेशातल्या काकांकडून मशीन मागवत असाल तर आधी हे बघा. अमेरिकेतलं मशीन ११० ते १२० व्होल्टचं असतं, आपल्या घरात २३० व्होल्ट. तसंच लावलं तर मोटर जळणार.

वजन आणि स्पीड : दुकानात मशीन दोन्ही हातांत पाच मिनिटं धरून बघा. दारावर काम करताना ते आडवं धरावं लागतं, तेव्हा खांदे बोलायला लागतात. वेग कमी-जास्त करायचं चाक हवंच, आणि बटण दाबल्यावर मशीन हळूहळू वेग घेत असेल तर उत्तम.

सुटे भाग : प्लेट आणि कार्बन ब्रश झिजतात. ते इथे मिळतात का, हे बिल करण्याआधी विचारा.

इटलीच्या रुपेससारख्या नावाजलेल्या कंपन्यांच्या मशीनची किंमत पाच आकडी असते. साधा डीए चार आकड्यांत मिळतो. पहिल्या गाडीसाठी साधा पुरतो. उरलेले पैसे पॅडवर घाला.

पॅडवर कंजुषी नको

नवशिके बहुतेकदा इथेच फसतात. सगळा पैसा मशीनवर जातो आणि पॅड फुकट आलेला वापरतात. खरं तर रंगाला मशीन लागतच नाही, लागतो तो पॅड.

लोकर आणि मायक्रोफायबरचे पॅड जास्त कापतात. फोमचे पॅड सौम्य. फोममध्येही कडक, मध्यम आणि मऊ असे प्रकार असतात. रंगावर मात्र जाऊ नका. एका कंपनीचा केशरी पॅड कडक, तर दुसरीचा केशरी मध्यम असू शकतो. डब्यावर ‘कटिंग’, ‘पॉलिशिंग’ की ‘फिनिशिंग’ लिहिलंय, ते वाचा.

सुरुवातीला मध्यम फोमचे चार आणि मऊ फोमचे दोन पॅड घ्या. अख्ख्या गाडीला एकच पॅड चालत नाही. तो पॉलिशनं आणि रंगाच्या भुग्यानं भरतो, तापतो आणि फाटतो. प्रत्येक पॅनलनंतर ब्रशनं साफ करा. काम संपलं की सौम्य साबणानं धुऊन सावलीत वाळवा. जमिनीवर पडलेला पॅड तसाच पुन्हा गाडीला लावायचा नाही. एक खडा चिकटला असेल तरी नवे ओरखडे तयार!

पहिला हात कुठे?

भंगारच्या दुकानातून एखादं जुनं बॉनेट किंवा दार आणा. बाबांच्या गाडीवर, जिचे हप्ते अजून चालू आहेत तिच्यावर, पहिला प्रयोग नको.

मग खऱ्या गाडीवर. आधी बाबांना विचारा, कुठला पॅनल डेंटिंग-पेंटिंग करून आणलाय का? तिथला थर कंपनीच्या थरासारखा असेलच असं नाही. गाडी सावलीत नीट धुवा. कडा, रबर आणि काळं प्लास्टिक मास्किंग टेपनं झाका. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकरच. पत्र्याला हात लावल्यावर तो गार लागला पाहिजे.

बॉनेटवर दीड फूट बाय दीड फुटाचा चौकोन आखा. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब पॉलिश. कमी वेगावर पसरवा, मग वेग वाढवा आणि आडवे-उभे चार-पाच हात हळूहळू मारा. प्लेटच्या कडेला मार्करनं एक रेघ ओढून ठेवा. रेघ फिरताना दिसली म्हणजे दाब बरोबर. शेवटी पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, कारण पॉलिशमधलं तेल ओरखडे तात्पुरते लपवतं. मऊ पॅडनं काम झालं तर कडक पॅडला हातही लावू नका.

नखाला अडकणारा ओरखडा पॉलिशनं जात नाही. तो सोडून द्या. मॅट रंगाच्या गाडीला मशीन लावूच नका. आणि पॅडवर गाडीचा रंग उतरायला लागला तर थांबा. एक तर तुमच्या गाडीवर क्लिअर कोट नाही, नाहीतर तो संपलाय.

घ्यायलाच हवं का?

वाळूजमध्ये १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाचं काम सुरू झालं. गाड्यांचं वेड या शहराला नवीन नाही. हात बसला तर डिटेलिंगमधून चार पैसेही मिळतील. पण दुसऱ्याची गाडी घेण्याआधी तिच्यावरचे जुने ओरखडे, डेंट त्याच्यासमोर मोबाइलवर शूट करून ठेवा.

गाडी फक्त घरचीच असेल, तर वर्षातून एखाद वेळी लागणारं मशीन चार मित्रांत मिळून घ्या. पॅड मात्र ज्याचे त्याचे.

आणि मशीन येण्याआधी डिकीतला तो कोरडा फडका काढून टाका. साबणाच्या पाण्याची एक बादली, खळबळायला साध्या पाण्याची दुसरी आणि एक मायक्रोफायबर मिट. पाइप लावून पाणी वाहू द्यायची गरज नाही, दोन बादल्यांत छोटी गाडी होते. बोअरचं पाणी असेल तर गाडीवर वाळू देऊ नका, क्षारांचे डाग पडतात. धुण्याची पद्धत बदलली नाही, तर आज काढलेले ओरखडे दोन महिन्यांत पुन्हा दिसतील. ते काढायला तुम्ही पुन्हा मशीन लावाल, आणि थर तर तेवढाच आहे!